‘चिमीला ठेवलंस, मला का नाही?’

या आठवड्याचं पत्र:

ताई, मी हडपसरला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. तीन वर्षांपूर्वी नवरा काविळीनं गेला. सासरी कुणी उभं केलं नाही. गावातल्या एकांनी ओळखीनं मोठ्याला बालगृहात घातलं. तेव्हा तो आठचा होता, आता पाचवीत आहे. धाकटी चिमी साडेतीन वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन मी पुण्याला आले. महिन्यातून एकदा त्याला भेटायला जाते, एसटीनं सहा तास लागतात. आधी तो गळ्यात पडून रडायचा. आता धड बोलत नाही. मागच्या खेपेला रव्याचे लाडू नेले, तर माझ्यासमोर सगळे पोरांना वाटून टाकले, एक तोंडात घातला नाही. डबासुद्धा परत दिला नाही. निघताना म्हणाला, ‘चिमीला ठेवलंस, मला का नाही?’ तेव्हापासून झोप नाही. आता माझी भाड्याची खोली आहे, महिन्याला अकरा हजार मिळतात. त्याला घरी आणावंसं वाटतं. पण दीर म्हणतात, तिथं दोन वेळचं जेवण आहे, शाळा आहे, इथं आणून पोरगं वाया जाईल, दहावीपर्यंत राहू दे. तिथल्या बाईंचंही तेच म्हणणं. दीर कामासाठी पुण्याला आले की आमच्याकडेच मुक्काम करतात, थोडी घेतात, पण स्वभावानं चांगले आहेत. मी काय करू? आई म्हणून मी चुकले का?
— चिमीची आई, हडपसर

मोठ्याच्या आई,

आपल्याकडे बाईला थोरल्या लेकराच्या नावानं ओळखतात. तुम्ही सही मात्र ‘चिमीची आई’ अशी केलीत. मुद्दाम केली नसणार, पण पत्र हातात घेतल्यावर मला आधी तेच दिसलं. म्हणून मी तुम्हाला मोठ्याची आई म्हणूनच लिहिते आहे. तीन वर्षं दर महिन्याला सहा तास जायचे आणि सहा तास यायचे, असा प्रवास करणाऱ्या बाईला ते नाव लावायचा पूर्ण हक्क आहे.

मी बावीस वर्षं बालगृहांत काम केलं. आधी समाजसेविका होते, मग अधीक्षिका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगते आणि मग बाकीचं बोलते. मोठ्याला घरी आणा. उद्याच्या उद्या नको, रीतसर आणि टप्प्याटप्प्यानं, पण आणा. दहावीपर्यंत थांबू नका.

चुकले का, असं विचारलंत. नवरा गेलेला, पदरात दोन पोरं, सासरी दार बंद, हाताला काम नाही. अशा वेळी लेकराच्या डोक्यावर छप्पर आणि पोटात अन्न पडावं म्हणून तुम्ही त्याला जिथं ठेवलंत, ती जागा त्यासाठीच असते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा दारी आलेल्या बाईला त्यांनी तू चुकलीस म्हणून परत पाठवलं नाही. बाळंतपण करून घेतलं, मूल सांभाळलं. तुम्हीही अडचणीतून वाट काढलीत. ती अडचण आता तेवढी राहिलेली नाही, एवढाच फरक पडला आहे.

आता त्या लाडवांविषयी. तुम्हाला वाटलं, पोराला माझ्या हातचं नको झालं. मी तुमच्या जागी नव्हते, पण मुलांच्या बाजूला बसून असे शेकडो भेटीचे रविवार पाहिलेत. सकाळपासून पोरं अंघोळ करून, केसांना पाणी लावून फाटकाकडे डोळे लावून बसतात. पन्नास पोरांतल्या दहा-बाराजणांचं कुणीतरी येतं, बाकीची नुसती बघत राहतात. ज्याची आई येते तो त्या दिवसापुरता राजा असतो. आईनं आणलेला खाऊ सगळ्यांना वाटण्यात त्याची शान असते. ‘माझ्या आईनं केलेत,’ असं तो तुम्हाला न सांगता त्या पोरांना सांगत होता. स्वतः खाल्ला नाही, कारण वाटणारा शेवटी खातो आणि शेवटी उरलाच नसेल. आणि डबा त्यानं विसरून ठेवला नाही. माझ्याकडे एक पोरगा होता, त्याच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली स्टीलचा रिकामा डबा असायचा. आम्ही दर महिन्याला पेट्या साफ करायला लावायचो, तो डबा काही केल्या घासायला देत नव्हता. मी एकदा झाकण उघडून बघितलं, तर आत तळाला चार शेंगदाणे आणि तेलाचा वास. मी झाकण लावून डबा होता तिथं ठेवून दिला.

मूल रडायचं थांबलं म्हणजे रुळलं, असं आम्ही कर्मचारी सर्रास म्हणतो. वहीत ‘मूल समायोजित झाले आहे’ असं लिहितोही. खरं तर मूल रडायचं थांबतं, कारण रडून कुणी न्यायला येत नाही हे त्याला कळलेलं असतं. पण तुमच्या मोठ्यानं अजून तुम्हाला प्रश्न विचारला आहे. जो पोरगा ‘मला का नाही’ म्हणून भांडतो, त्याला अजून घरी यायचं आहे. भांडणं थांबल्यावर मला जास्त काळजी वाटली असती.

तिथल्या बाई दहावीपर्यंत राहू दे म्हणतात. त्यांच्यावर राग धरू नका. मीही हेच म्हणायची. वीटभट्टीवर काम करणारी एक आई चौथीतला मुलगा परत मागायला आली होती. मी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, ‘इथं हुशार निघालाय, तिकडं नेऊन भट्टीवर घालाल. बारावी होऊ द्या.’ ती मान हलवून गेली. पुढं दोन वर्षं येत राहिली, मग सणासुदीला, मग येईनाशी झाली. फोन बंद, भट्टी दुसऱ्या गावाला गेलेली. तो मुलगा अठरा वर्षांचा झाला. कायद्यानं बालगृहातला मुक्काम तिथंच संपतो, पुढं एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांच्या वसतिगृहात, सोय होऊ शकते. त्याची फाइल बंद करताना तो माझ्या टेबलासमोर पेटी घेऊन उभा होता. मला म्हणाला, ‘बाई, एका माणसाला तांदूळ किती लागतात?’ आमच्या स्वयंपाकघरातलं साठ माणसांचं पातेलंच त्यानं आयुष्यभर पाहिलेलं. बारावीला त्याला चांगले गुण होते. त्या आईला मी परत पाठवायला नको होतं. हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे, कारण तुमच्या बाबतीत तसं होऊ नये.

कायदाही तुमच्याच बाजूचा आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि शक्य तितक्या लवकर त्याला त्याच्या कुटुंबात परत पोचवायचं. लोक अजून ‘अनाथाश्रम’ म्हणतात, पण मी जिथं जिथं काम केलं तिथं बहुतेक मुलांचं आई, बाप, आजी असं कुणी ना कुणी होतंच. गरिबीनं आलेली मुलं होती ती.

आता रीत सांगते. मुलाला सोडणं अधीक्षिकेच्या हातात नसतं, आणि न सोडणंही नसतं. तो अधिकार बाल कल्याण समितीचा. मोठ्याला बालगृहात ठेवण्याचा आदेश ज्या जिल्ह्याच्या समितीनं दिला, तिच्याकडेच अर्ज करायचा. साधा कागद चालतो. वकील लागत नाही, फी लागत नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अर्जात तुमचं नाव, पत्ता, मुलाचं नाव, तो कधीपासून कुठं आहे, तेव्हा का ठेवला, आता काय बदललं, हे तुमच्याच शब्दांत लिहा. जसं मला लिहिलंत तसंच. सोबत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, खोलीचा भाडेकरार असेल तर तो, मेसच्या मालकांकडून पगाराची चिठ्ठी. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का मारून घ्या. हा शिक्का विसरू नका, पुढं विचारपूस करायला तोच कामाला येतो.

मग समिती पुण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवून तुमच्या घरी माणूस पाठवेल. त्याला सामाजिक तपासणी म्हणतात. घर किती मोठं आहे यावर निकाल ठरत नाही, दहा बाय दहाच्या खोलीत मुलं परत गेलेली मी पाहिली आहेत. येणारा माणूस विचारतो की घरात कोण कोण राहतं, मूल कुठं झोपेल, तुम्ही कामावर असताना कुणाजवळ असेल, शाळा कुठली.

इथं तुमच्या दिरांवर बोलणं भाग आहे. ‘थोडी घेतात, पण स्वभावानं चांगले आहेत,’ असं तुम्ही लिहिलंत. असतीलही. पण एकाच खोलीत तुम्ही, सहा-सात वर्षांची मुलगी, संस्थेतून नुकताच आलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि पिऊन आलेला मोठा माणूस, हे चालणार नाही. तपासणीला येणाऱ्या माणसाला तर चालणार नाहीच, मलाही चालत नाही. मोठा घरी येणार म्हणून नव्हे, चिमीसाठी आजसुद्धा नाही. दिरांना सांगा की दिवसा या, जेवून जा, मुक्काम मात्र नको. वाईट वाटेल त्यांना, वाटू द्या. नवरा गेला तेव्हा सासरच्या कुणी उभं केलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग आता तुमच्या लेकरांनी कुठं राहायचं हे ठरवायचा मान त्यांचा कसा? आणि देव न करो, कधी रात्री-अपरात्री घाबरायची वेळ आली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फुकट लागतो, चोवीस तास. तो चिमीलाही पाठ करून ठेवा.

पैशांचं बघू. अकरा हजारांत पुण्यात तीन पोटं चालवणं कठीण आहे. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. आई किंवा वडील गेलेलं मूल घरातच वाढावं यासाठी एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आधी ११०० होते. मूल संस्थेत असेल तर हे पैसे नाहीत, घरी असेल तरच. म्हणजे चिमीसाठी तुम्ही तीन वर्षं अर्ज करू शकला असतात, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. कितीतरी आया हे न कळल्यामुळं पोराला संस्थेत घालतात, याचा मला आजही संताप येतो. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जाऊन चिमीचा अर्ज आत्ताच भरा. मोठा घरी आला की त्याचाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिन्याला चार हजारांची मदत असते, पण शहरात राहणाऱ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत लागतं आणि तुमचं एक लाख बत्तीस हजार होतं. तिथं खेटे घालून दिवस मोडू नका.

एक सांगून ठेवते. बालसंगोपनाचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील, असं धरून चालू नका. ते उशिरा येतात, कधी काही महिन्यांचे एकदम येतात. खोलीचं भाडं त्यावर ठरवू नका. वह्या, गणवेश, दवाखाना यासाठी बाजूला ठेवा.

संध्याकाळचे पाच ते नऊ हे चार तास खरी अडचण आहेत. आत्ता चिमी त्या वेळात कुठं असते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मेसच्या मालकांना स्पष्ट विचारा की पोरं कोपऱ्यात बसून अभ्यास करतील, चालेल का. चांगल्या पोळ्या लाटणारी बाई मिळणं सोपं नाही, ते त्यांनाही माहीत आहे. नाहीतर वस्तीतली अभ्यासिका, एखादी भरवशाची शेजारीण. फक्त एक करू नका, मोठ्याला चिमीचा राखणदार करू नका. ‘तू मोठा आहेस, हिला बघ,’ हे वाक्य निदान पहिलं वर्षभर त्याच्या कानावर पडायला नको. घर सोडताना तो ‘मोठा’ होता म्हणूनच गेला होता.

शाळेचं सोपं आहे. महापालिकेच्या शाळेत नाव घाला. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात तसं लिहिलेलं आहे. तरी मी म्हणेन, वर्ष संपू द्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आणा, म्हणजे जूनमध्ये तो बाकीच्या पोरांबरोबर नव्या वर्गात बसेल.

त्याच्याआधी त्याला दिवाळीला घरी आणा. समितीच्या परवानगीनं मुलाला थोड्या दिवसांच्या रजेवर घरी नेता येतं, एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवासाचे दिवस सोडून. या सात दिवसांत तुम्हालाही कळेल आणि त्यालाही. पहाटे पाचला तो उठून बसेल, कारण तिथं घंटा होते. जेवायच्या वेळी ताट घेऊन उभा राहील आणि तुम्ही बस म्हणेपर्यंत बसणार नाही. पाणी पिऊ का, संडासला जाऊ का, असं विचारेल. डब्यातली चपाती उशीखाली सापडली तर ओरडू नका, उलट डब्यात दोन जास्त ठेवा, थोड्या दिवसांत आपोआप थांबतं. चिमीला मारेल. ‘आमच्या संस्थेत असं नव्हतं,’ असं म्हणेल आणि ते तुम्हाला फार लागेल. लागू द्या, पण उलट बोलू नका. तिथं त्याचे मित्र आहेत, एखादी मावशी असेल जिनं त्याला तापात मांडीवर घेतलं असेल. कायमचा घरी आल्यावरही महिन्या-दोन महिन्यांनी त्याला तिथं एकदा भेटवून आणा. तीन वर्षं त्याला ज्यांनी जेवू घातलं, त्यांना तो सोडून आला आहे, टाकून नाही, हे त्याला कळायला हवं. हट्ट आणि रडणं सुरू झालं की समजा, पोरगं घरात आलं.

समजा तपासणीत काही अडलं, किंवा संध्याकाळची सोय काही केल्या लागेना, तरी सगळं संपलं असं नाही. पुण्याजवळच्या बालगृहात बदली मागता येते. सहा तासांऐवजी अर्ध्या तासावर असेल तर दर आठवड्याला भेट होईल, आणि मग वर्षभरानं पुन्हा अर्ज करा. पण हा दुसरा पर्याय आहे. आधी पहिल्यासाठी झटा.

समितीपुढे मोठ्यालाही विचारतील, घरी जायचंय का. तो गप्प बसेल, खाली बघेल, कदाचित नाहीसुद्धा म्हणेल. अनोळखी पाचजण टेबलापलीकडे बसलेले असतात, अशा वेळी दहा-अकरा वर्षांचं पोर काय बोलणार! त्याला तिथं पहिल्यांदा विचारलं जायला नको. तुम्ही आधी बोला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या. ‘अरे तुझ्या भल्यासाठी,’ असलं काही म्हणू नका, त्यानं ते तिथं फार ऐकलेलं असतं. जे घडलं ते सांगा. ‘सहा वर्षांखालच्या मुलांना बालगृहात सहसा घेत नाहीत, चिमी साडेतीन वर्षांची होती. ती अगदी लहान होती, तू आठ वर्षांचा होतास, आणि माझ्याकडे दोघांना खायला घालण्याइतके पैसे नव्हते. तुझी निवड मी केली नाही, पण ठेवलं मीच. तुला राग आलाय, तो बरोबर आहे. आता माझ्याकडे खोली आहे, आणि मी तुला न्यायचा अर्ज दिला आहे.’ मंजूर होईलच असं वचन देऊ नका. अर्ज दिलाय एवढंच सांगा, आणि शिक्का मारलेली प्रत त्याला दाखवा. पाचवीतलं पोर आहे, वाचेल. त्यात त्याचं नाव लिहिलेलं असेल.

म्हणून पुढच्या भेटीआधी अर्ज गेलेला असू द्या. भेटीला जाताना चिमीला बरोबर न्या. लाडू न्या, या खेपेला दोन डबे करा, एक वाटायला आणि एक त्याचा. जुना डबा परत मागू नका.

तपासणीला माणूस यायचा दिवस ठरला की मला लिहा. घरात काय बघतात, काय विचारतात, ते तेव्हा सविस्तर सांगते.